मंदिर दूर असताना

म्हैसूरमध्ये मंदिरांची उणीव नाही. चामुंडी टेकडीच्या हजारभर पायऱ्या चढल्या की देवीचे दर्शन घडते. तरीही इथल्या मराठी घरांत मनातले मंदिर दूरच असते. कुणाचे तुळजापूर, कुणाचे जेजुरी, कुणाचे पंढरपूर. 'देव सर्वत्र आहे, मग एवढ्या लांब कशाला?' हा प्रश्न सत्संगात वरचेवर निघतो आणि विचारणाऱ्याच्या मदतीला बहुधा संत सावता माळी येतात. अरणचा मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्याकडे आला, असे आपण ऐकत आलो आहोत.

हे उदाहरण आपण फार स्वस्तात वापरतो, असे मला वाटते. सावतोबांनी वारीतून सूट घेतली नव्हती. वारकरी वाटेवर जे नामस्मरण करतो, ते त्यांनी रोज भाजीचे वाफे राखताना केले. आजही त्यांच्या पुण्यतिथीला विठ्ठलाची पालखी पंढरपूरहून अरणला जाते. ज्याचा दिवस असा जात असेल त्याने खुशाल घरी राहावे. आपला दिवस कसा जातो, हे आपल्या मोबाईलला विचारावे!

आता चोखोबांकडे पाहू. त्यांच्यापुढचे अंतर कोसांचे नव्हते, एका उंबरठ्याचे होते. देव सर्वत्र आहे हे त्यांना आपल्याहून अधिक कळले होते, तरी विठ्ठलाच्या दाराची ओढ त्यांनी सोडली नाही. त्यांची समाधी त्याच महाद्वारासमोर आहे. पुढे १९४७ च्या मे महिन्यात ते दार अस्पृश्य मानलेल्या भाविकांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले. 'घरीच हात जोडा, देव तिथेही आहे' असे त्या भाविकांना कुणी सांगितले असते, तर तो क्रूरपणाच झाला असता. मग दार उघडे असताना तेच वाक्य आपण स्वतःला इतक्या सहज कसे सांगतो?

आजारी माणसे, हातावर पोट असणारे, अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणारे यांना हे लागू नाही. त्यांची सेवा हीच त्यांची वारी. प्रश्न उरतो तो आपल्यासारख्यांचा, ज्यांना लग्नाला, सहलीला, मॅचला जायला सुट्टी मिळते.

कॉमर्सच्या वर्गात बचतीविषयी एक गोष्ट पहिल्याच वर्षी कळते. खर्च करून उरेल ते बाजूला टाकू म्हटले, तर काही उरत नाही. आधी बाजूला काढावे लागते. माळकरी वारीचे तसेच करतो. आषाढी किंवा कार्तिकी आधी ठरते, पेरणी आणि पाहुणे तिच्या मागेपुढे बसवले जातात. वर्षातून एकदाच जाणे होत असेल, तरी त्या एका खेपेभोवती वर्ष मांडलेले असते.

म्हैसूरहून पंढरपूरला गोलगुंबज एक्स्प्रेस जाते. प्रवासात एक रात्र जाते आणि कार्तिकीची तारीख पंचांगात आत्ताच छापलेली आहे. आमच्या परीक्षेचे वेळापत्रक अजून यायचे आहे.