बलोपदेशकाची परीक्षा

बळ मिळवावे की नाही, याविषयी आपल्या शास्त्रांत मतभेद नाही. काम आणि आसक्ती यांपासून मुक्त असलेले बलवंताचे बळ ही भगवंताचीच विभूती होय, असे गीतेच्या सातव्या अध्यायात स्पष्ट आहे. वाद आहे तो पुढच्या प्रश्नाविषयी. हे बळ कोणाच्या सांगण्यावरून मिळवावे? आणि ज्याच्या हाती आपल्या पुत्राचे कोवळे शरीर सोपवावयाचे, त्याची परीक्षा करणे हा गृहस्थाचा धर्म आहे, की तो गुरुविषयक अश्रद्धेचा दोष आहे?

हा प्रश्न आज कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांत घरोघर उभा राहत आहे. मेट्टूरचे धरण १९३४ साली पुरे झाले, तेव्हापासून जूनच्या मध्यास तेथील पाणी सोडण्याचा परिपाठ आहे. ते कल्लणैच्या प्राचीन बंधाऱ्यावरून फाटे फुटत तंजावर, कुंभकोणम्, मन्नारगुडीकडील भातखाचरांत पोहोचते. या खाचरांनी पिढ्यान् पिढ्या माणसांना बळ दिले. परंतु ते एकांगी बळ होते, हेही मान्य केले पाहिजे. दिवसभर कमरेत वाकून रोपे लावणाऱ्या स्त्रीचे पाय खंबीर होत, पाठ मात्र चाळिशीतच बोलू लागे. पोती वाहणाऱ्याचे खांदे पुष्ट होत आणि गुडघे झिजत. आता लावणीस व कापणीस यंत्रे आली, शेतकऱ्याचा मुलगा मोटारीत बसून महाविद्यालयात जाऊ लागला, आणि जे बळ पूर्वी कामातून आपोआप मिळे ते स्वतंत्र प्रयत्नाने मिळवण्याची वेळ आली. म्हणून तालुक्याच्या गावी लोखंडी वजनांच्या व्यायामशाळा निघाल्या आहेत. त्यांत मूलतः वाईट काहीच नाही.

पापनाशम् तालुक्यातील एखादे मराठी घर कल्पावे. पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागोमाग आले. घरात अजून जुन्या वळणाची मराठी बोलतात, बाहेर तमिळ. एकोणीस वर्षांचा मुलगा सायंकाळी व्यायामशाळेत जातो. चार महिन्यांत त्याची छाती भरली, दंड फुगले, आणि वडिलांना मनातून आनंदच झाला. मग एके दिवशी तो चूर्णाचा मोठा डबा घेऊन आला. नंतर उजवा खांदा दुखू लागला. प्रशिक्षक म्हणाला, दुखणे सोसल्यावाचून शरीर घडत नाही. पुढे एका सुईचा विषय निघाला, तेव्हा वडील दचकले. मुलाचे उत्तर तयार होते. "अप्पा, गुरूवर विश्वास ठेवल्याशिवाय विद्या येत नाही, हे तुम्हीच शिकवलेत ना?"

वडील निरुत्तर झाले. परंतु होण्याचे कारण नव्हते. चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याची जी रीत सांगितली आहे तीत प्रणिपात आणि सेवा यांच्या मध्ये परिप्रश्न आहे. नम्र होऊन, परंतु पुनःपुन्हा आणि सर्व बाजूंनी विचारावे, हे शिष्याचे कर्तव्यच ठरले. उपदेश कोणी करावा हे सांगताना तेथे दोन विशेषणे योजली आहेत, ज्ञानी आणि तत्त्वदर्शी. शंकराचार्यांनी भाष्यात याचे कारण दिले आहे. ज्ञान असूनही काहींना तत्त्वाचे यथार्थ दर्शन झालेले नसते, म्हणून दुसरे विशेषण लागले. जेथे मोक्षविद्येच्या गुरूलाही अशी कसोटी आहे, तेथे लोखंड उचलावयास शिकवणाऱ्याने प्रश्नांचा राग का मानावा? श्रद्धा परीक्षेनंतर येते. परीक्षेच्या आधी येते तिला भाबडेपणा म्हणतात, आणि तिचे मूल्य बहुधा दुसऱ्याच्या शरीराला द्यावे लागते.

परीक्षा करावी कशी, याचे सर्वांत तीक्ष्ण विवेचन आयुर्वेदात आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात प्राण राखणारे आणि रोग वाढवणारे असे वैद्यांचे दोन वर्ग केले आहेत. दुसऱ्या वर्गाचे वर्णन वाचताना ते आज सकाळी लिहिले असावे असे वाटते. हे लोक वैद्याचा वेष घेऊन रस्तोरस्ती हिंडतात. कोणी आजारी आहे असे कळताच तेथे धावतात आणि त्याच्या कानी पडेल अशा बेताने आपलेच गुण गातात. पूर्वीच्या वैद्याचे दोष काढतात, रोग्याच्या मित्रांना गोड बोलून वश करतात, आपल्याला फार काही नको असे भासवतात. रोग चिघळला म्हणजे साधने कमी पडली, सेवक चांगले नव्हते, रोग्यानेच पथ्य मोडले, असे सांगून मोकळे होतात. जाणत्यांची सभा दिसली की तेथून पळ काढतात. आणि सर्वांत महत्त्वाचे लक्षण असे, की त्यांचा आचार्य कोण, शिष्य कोण, सहाध्यायी कोण, त्यांच्याशी वाद केलेला कोण, हे कोणालाच ठाऊक नसते.

या शेवटच्या लक्षणात सगळी परीक्षा सामावली आहे. कोणाजवळ शिकलात? किती काळ? तुमच्याबरोबर कोण शिकले? तुम्ही शिकवलेले पाच-सात जण आज कोठे आहेत, आणि त्यांचे खांदे-गुडघे कसे आहेत? या चार प्रश्नांना जो सरळ उत्तर देतो त्याच्याशी पुढे बोलावे. दुखऱ्या खांद्याचा दोष जो शिष्याच्या आळसावर किंवा भित्रेपणावर ढकलतो, त्याला चरकाने केव्हाच ओळखून ठेवले आहे.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. उपदेशकाचे स्वतःचे पिळदार शरीर हा त्याच्या ज्ञानाचा पुरावा नव्हे. ते शरीर जन्मजात ठेवणीचे असेल, तारुण्याचे असेल, कदाचित औषधाचेही असेल. त्याला लाभले ते दुसऱ्यास कसे द्यावे हे त्याला कळते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. महाराष्ट्रातील तालमींत ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तेथील वस्ताद पुष्कळदा साठी उलटलेला, पोट सुटलेला असा असतो. परंतु त्याचे पठ्ठे रोज सगळ्या गावासमोर हौद्यात उतरतात, आणि गाव त्यांच्याकडे पाहून वस्तादाची किंमत करते.

चरकाने उत्तम वैद्याचे चार गुण सांगितले आहेत: शास्त्राचे निर्मळ ज्ञान, प्रत्यक्ष कर्माचा विपुल अनुभव, दक्षता आणि शुचिता. सुश्रुताचे म्हणणे असे, की केवळ ग्रंथ जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा हे दोघेही एकाच पंखाच्या पक्ष्यासारखे होत. भिंतीवरील प्रमाणपत्र हा एक पंख आहे. तो निरुपयोगी नाही, मात्र तो कोठून आला हे पाहावे. मद्रास येथे १९२० साली वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले. पतियाळा येथे १९६१ पासून राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षक तयार होतात. तमिळनाडूत तर शारीरिक शिक्षण व क्रीडा यांचे स्वतंत्र विद्यापीठ आहे. अशा ठिकाणी दोन-तीन वर्षे शरीररचना व शरीरव्यापार शिकून आलेला मनुष्य, आणि दोन दिवसांच्या वर्गाचे सोनेरी कागद मढवून बसलेला मनुष्य, यांना एका तराजूत घालता येत नाही. डॉक्टरला नोंदणीवाचून व्यवसाय करता येत नाही. व्यायाम सांगणाऱ्यास तशी देशव्यापी सक्ती नाही, म्हणून चौकशीचा भार घरच्यांवरच येऊन पडतो. ज्या संस्थेचे नाव प्रमाणपत्रावर असेल तिला एक पत्र किंवा दूरध्वनी करणे कठीण नाही. आश्चर्य एवढेच, की मुलीसाठी स्थळ पाहताना सात गावी चौकशी करणारा गृहस्थ येथे एकही प्रश्न विचारीत नाही!

दुसऱ्या पंखाची परीक्षा कशी करावी, याचा धडा तंजावरातच आहे. तेथील मराठी राज्य १६७६ च्या सुमारास सुरू होऊन १८५५ पर्यंत टिकले. त्यातील दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. ग्रंथसंग्रहासाठी त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु त्यांनी चालवलेला धन्वंतरी महाल तितकाच विचार करण्याजोगा आहे. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे एकत्र काम करीत, औषधांचा पडताळा पाहत, आणि उपचारांची टिपणे ठेवीत. नेत्ररोग्यांची टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत. वैद्य मोठ्या नावाचा आहे किंवा त्याची परंपरा जुनी आहे, एवढ्यावर राजा थांबला नाही. कोणत्या रोग्यास काय दिले आणि पुढे काय झाले, हे कागदावर उतरवून घेतले. व्यायामशाळेतही हेच मागावे. मुलाचे पहिल्या दिवसाचे वजन, जुनी दुखणी, उचललेला भार, केलेल्या आवृत्ती, खांदा केव्हा दुखू लागला, हे लिहिलेली वही प्रशिक्षकाजवळ आहे काय? वही नसेल तर तो शिष्याकडे पाहत नाही; आरशाकडे पाहतो.

आरशाचा उल्लेख अकारण नाही. शरीराचा जो भाग आरशात दिसतो तोच वाढवण्याचा मोह हे असंतुलित व्यायामाचे मूळ आहे. छाती व दंड यांवर रोज भार, पाठ आणि मांड्यांची मागील बाजू मात्र उपेक्षित. असे झाले म्हणजे खांदे पुढे ओढले जातात आणि दुखण्याला वाव मिळतो. जितके ढकलावे तितके ओढावे, हा साधा नियम आहे. जुन्या तालमीत तो नकळत पाळला जाई. जोर मारताना भूमी ढकलली जाते, बैठकांनी पाय बळकट होतात, मल्लखांब व दोर यांवर शरीर वर ओढावे लागते, आणि हौद्याची माती उकरताना पाठ व कंबर कामास लागतात. तमिळ देशातील कर्लाकट्टै ही आपल्या मुद्गलाचीच बहीण. ती खांद्याला सर्व दिशांनी फिरवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जे सांगितले तेही याच जातीचे आहे: सर्व मोठ्या स्नायूंना आठवड्यातून निदान दोन दिवस बळाचा व्यायाम, आणि पासष्टीच्या पुढे तोल सांभाळण्याच्या व्यायामासह तीन दिवस. म्हणजे ही गोष्ट केवळ मुलाची नाही. अंगणात घसरण्याच्या भीतीने भिंत धरून चालणाऱ्या आजीचाही तीत वाटा आहे.

किती करावे, याचेही माप आहे. सुश्रुत आणि वाग्भट दोघेही अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा असे सांगतात. श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धी शक्ती वेचली असे समजावे. तेथेही वय, देहाची ठेवण, देश, काळ आणि आहार पाहावयाचा असतो. आजचे शास्त्र भार क्रमाक्रमाने वाढवावा म्हणते, आणि कधी कधी अर्ध्याहून पुढेही नेते. परंतु दुखावलेल्या सांध्यावर भार घालावा असे तेही म्हणत नाही. परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य न पाहता मोहाने आरंभलेले कर्म अठराव्या अध्यायात तामस म्हटले आहे. खांदा दुखत असता 'सोस' म्हणणारा कोणत्या कर्माची दीक्षा देत आहे, हे वेगळे सांगावयास नको.

राहिली शुचिता. उपदेश करणारा आणि डबा विकणारा एकच असेल तर उपदेश कोठे संपतो आणि विक्री कोठे सुरू होते हे कळत नाही. प्रौढास दररोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, आणि व्यायाम करणाऱ्यास अधिक लागली तरी ती डाळ, दही, दूध, शेंगदाणे यांतून बव्हंशी मिळू शकतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारमार्गदर्शनात प्रथिनांची चूर्णे टाळण्यासच सांगितले आहे. सुईची गोष्ट याहून गंभीर. स्नायू फुगवणारी ती संप्रेरके रोगावर डॉक्टरच्या चिठ्ठीने द्यावयाची औषधे होत. निरोगी तरुणात ती हृदयाला व यकृताला अपाय करतात, शरीराची स्वतःची संप्रेरके बंद पाडतात, आणि वाढत्या वयात उंचीही खुंटवतात. जो ती सुचवतो त्याचे इतर तिन्ही गुण तपासण्याची गरज उरत नाही.

सुश्रुताने कुवैद्यांचा दोष राजावर ठेवला आहे. राजा दुर्लक्ष करतो म्हणून ते लोभाने लोकांचा घात करतात. आज राजाची नजर व्यायामशाळेच्या दारापर्यंत क्वचित पोहोचते. घरचा कर्ताच तेथील राजा. चार महिन्यांत भरलेली छाती पाहून त्यालाही आनंद झाला होता, आणि आप्तांत मुलाला उभे करताना थोडा अभिमानही वाटला होता. शीघ्र फळाची ही भूक घरात होती म्हणूनच तसा उपदेशक लाभला. सतराव्या अध्यायातील दंभासाठी केलेले तप केवळ अरण्यातच चालते असे नाही.

त्या वडिलांनी काय करावे? मुलाला दटावून घरी बसवू नये. आधी खांदा डॉक्टरला दाखवावा. मग मुलाला बरोबर घेऊन कुंभकोणम्‌मधील दोन-तीन व्यायामशाळांत जावे, जुन्या शिष्यांशी तमिळमध्ये मोकळेपणे बोलावे, आणि ते चार प्रश्न विचारावे. एखादा प्रशिक्षक म्हणेल, "तुमच्या मुलाचा खांदा बरा होईपर्यंत पायांचा आणि पाठीचा व्यायाम हलक्या भाराने करू, छातीचे नंतर पाहू. वर्षभर तरी लागेल." मुलाचा चेहरा पडेल. तेथेच पहिल्या महिन्याचे शुल्क भरावे.