सांभाळणारीचं मूल

सुनेची बाळंतपणाची रजा संपत आली, तसा आमच्या घरात एकच विषय सुरू झाला. बाळाला बघणार कोण? २०१७ साली कायदा बदलला, तेव्हापासून नोकरी करणाऱ्या बाईला पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवडे पगारी रजा मिळते. आमच्या वेळच्या मानानं ही चैनच. पण सव्वीस आठवडे म्हणजे शेवटी सहाच महिने. माझे गुडघे धरलेले, मुलाची नोकरी दिवसभराची. मग बाई ठेवायचं ठरलं.

ओळखीतून एक बाई आली. आम्ही सासू-सुनेनं तिची परीक्षाच घेतली म्हणा ना. डब्यात कांदा-लसूण चालणार नाही. अंडं-मटण खाऊन आमच्याकडं यायचं नाही. पाणी गाळूनच घ्यायचं. बाळाला उचलण्याआधी हातपाय धुवायचे. तिनं सगळ्याला मान हलवली आणि एकच विचारलं, "अक्का, सांजंला कितीला सोडतासा?"

सून बँकेतून साडेसातला येते. मी साडेसात सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली, मग "बरं" म्हणाली. ती गप्प का राहिली, हे विचारायचं मला सुचलं नाही.

आमच्याकडं सूर्यास्ताआधी जेवण होतं. बेळगावच्या पावसाळ्यात तर सहालाच पानं वाढतो. ती बाळाला घेऊन व्हरांड्यात फेऱ्या घालायची आणि आम्ही निवांत जेवायचो. जेवण झालं, भांडी घासली की स्वयंपाकघर बंद. दिवे लागल्यावर चूल पेटवायची नाही. साडेसातला ती निघायची, दोन बस बदलून घरी पोचायची, मग भाकरी थापायची. दुपारी एकच्या डब्यानंतर रात्री नऊपर्यंत तिच्या पोटात काही नसायचं. दोन महिने हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मला दिसलं नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच, की आमचं रात्रिभोजनत्यागाचं व्रत नीट चाललंय.

भाद्रपदात दशलक्षण पर्व सुरू होतं. एका दुपारी दारात एक मुलगी उभी राहिली. अकरा-बारा वर्षांची असेल. कडेवर दीड वर्षाचा भाऊ, तापानं फणफणलेला. आईला बोलवायला आली होती. मी सहज विचारलं, "आज शाळा नाही होय गं?" ती म्हणाली, "मी आता जात नाही. आई इकडं येते. ह्याला कोण बघणार?"

हाच प्रश्न जूनमध्ये आमच्या घरात पडला होता. अगदी याच शब्दांत. आम्ही पैसे देऊन तो सोडवला असं मला वाटत होतं. प्रश्न सुटला नव्हताच. तो आमच्या घरातून उठून दोन बस पलीकडं गेला होता आणि एका शाळकरी पोरीच्या कडेवर बसला होता. अंगणवाडी होती तिच्या गल्लीत, पण ती तीन वर्षांपुढच्या मुलांना बसवून घेते. दीड वर्षाच्यानं जायचं कुठं?

त्या रात्री मला झोप आली नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. बांधणं, मारणं, अवयव तोडणं हे पहिले तीन. ते ऐकताना आपण निर्धास्त असतो, आपल्या हातून कुठलं व्हायचं असलं काही! पण पुढचे दोन आहेत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. झेपणार नाही इतकं ओझं लादणं, आणि वेळेवर खायला-प्यायला न देणं. बैलाच्या उदाहरणानं समजावून सांगतात म्हणून आपण ते बैलापाशीच ठेवून देतो. आपल्या घरी बैल नाही, म्हणजे आपण सुटलो!

मन लगेच बाजू मांडायला लागलं. मी काही त्या पोरीला शाळेतून काढलं नाही. पगार वेळेवर देते. काम दिलं म्हणून त्यांच्या घरी चूल पेटते. हे सगळं खरंच होतं. पण आपल्याकडं हिशेब तेवढ्यावर थांबत नाही. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि होतंय ते बरं आहे म्हणून मान्य केलेलं, तिन्हींचा बंध सांगितलाय. मी केलं नव्हतं. पण माझ्या साडेसातनं ते करवलं होतं.

एक मैत्रीण म्हणाली, "एवढा विचार केला तर बाई ठेवायलाच नको. सुनेनं नोकरी सोडावी." हे मला पटत नाही. सुनेनं शिकून मिळवलेली नोकरी सोडायची आणि त्या बाईचा पगार बंद करायचा, यात कुणावरची हिंसा कमी झाली? बाई ठेवण्यात पाप नाही. ठेवताना फक्त आपल्याच सोयीचे प्रश्न विचारणं, चूक तिथं आहे.

आम्ही वेळ बदलली. ती आता पाचला जाते, जाण्याआधी खाऊन जाते. पाच ते साडेसात मी आणि माझा मुलगा वाटून घेतो. त्यानं साहेबांशी बोलून आठवड्यातले दोन दिवस लवकर यायचं जमवलं. बापानं बाळ बघायचं असतं हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! रविवार पगारी सुट्टीचा. तिचा धाकटा तिच्याबरोबर येतो आणि आमच्या बाळाशेजारी चटईवर खेळतो. यावर नातेवाइकांत कुजबुज झाली, ती होऊ दे. पोरगी शाळेत परत गेली. पण बुडालेले महिने मला भरून देता येत नाहीत, आणि गणितात ती मागं पडलीय ती पडलीच आहे.

क्षमावाणीच्या दिवशी बसदीत सगळ्यांना हात जोडून झाले. घरी आल्यावर तिच्यापुढं उभी राहिले तर शब्द फुटेनात. वर्षानुवर्षं बरोबरीच्यांचीच क्षमा मागायची सवय. कसंबसं म्हटलं. ती लाजली, हसली आणि म्हणाली, "असं कशाला अक्का. रविवारची सुट्टी तेवढी मोडू नका."

तेव्हा भगिनींनो, बाई ठेवताना कांदा-लसणाचं जरूर विचारा. आपलं व्रत आपण पाळायचंच. पण त्याच दमात हेही विचारा: तू जेवतेस कधी? घरी पोचतेस कितीला? आणि तू इथं असताना तुझ्या लेकराला कोण बघतं?