म्हणे ‘एकही आढळला नाही’!

रिव्ह्यूत हे काय लिहून आणलंस? ‘प्रीप्रिंटचा शोध घेतला, एकही आढळला नाही.’ कुठे घेतलास शोध? पबमेडवर. आणखी कुठे? कुठेच नाही! अरे, पबमेड प्रीप्रिंट घेतं ते अमेरिकेच्या एनआयएचच्या पैशातून झालेल्या संशोधनाचे. उटनूरकडच्या गोंड-कोलामांच्या गुड्यांवर कुणी सिकल सेलची तपासणी केली, तर त्याला एनआयएच पैसे देणार आहे का? पाट्या टाकायच्या होत्या तर विषय तरी दुसरा घ्यायचास.

मेडआर्काइव्ह २०१९ पासून चालू आहे. युरोप पीएमसीवर तर कितीतरी सर्व्हरचे प्रीप्रिंट एकाच जागी चाळता येतात. ते तू उघडलंस तरी का? आणि शोधशब्द काय, तर नुसतं ‘आदिलाबाद’! ऑक्टोबर २०१६ मध्ये या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, हे इथे राहून तुला मी सांगायचं? आसिफाबाद, मंचेरियाल, निर्मल ही नावं कोण टाकणार? उटनूरचं इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांनी होतं, अ‍ॅनिमियाचंही होतं. तू एकच शब्द टाकलास आणि हात झटकलेस.

वर तोंड करून सांगतोस, ‘सर, प्रीप्रिंट तज्ज्ञांनी तपासलेले नसतात, म्हणून खोलात गेलो नाही.’ मग ऐक. आयसीएमआरची कोविडवरची प्लाझ्माची चाचणी, प्लासिड. ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण. आजार बळावणं किंवा २८ दिवसांत मृत्यू, हे प्लाझ्मा दिलेल्यांत १९ टक्के आणि न दिलेल्यांत १८. हे सप्टेंबर २०२० मध्येच मेडआर्काइव्हवर होतं. बीएमजेत आलं ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. मधल्या दिवसांत लोक प्लाझ्मासाठी दारोदार फिरत होते. तेव्हा कुणी तुझ्यासारखा रिव्ह्यू केला असता, तर आपल्याच देशातली एवढी मोठी चाचणी त्यातून निसटली असती.

आता माझं ऐकून उद्या सापडेल ते सगळं तक्त्यात कोंबशील, तेही ओळखून आहे मी. इजिप्तचा आयव्हरमेक्टिनचा प्रीप्रिंट असाच लोकांनी जमेस धरला होता. जॅक लॉरेन्स नावाच्या लंडनच्या विद्यार्थ्याने त्याचा कच्चा डेटा उघडून पाहिला. त्याच त्या रुग्णांच्या नोंदी पुन्हा पुन्हा, आणि काही मृत्यू तर अभ्यास सुरू व्हायच्या आधीचे! जुलै २०२१ मध्ये तो मागे घ्यावा लागला. विद्यार्थीच होता तोही, पण बसला खणत.

सोमवारी सर्च पुन्हा करून आण. कोणत्या तारखेला, कुठे, कोणते शब्द टाकून शोधलंस, सगळं लिही. प्रीप्रिंट मिळाला तर त्याची आवृत्ती कितवी, तो पुढे नियतकालिकात छापला गेला का, आकडे बदलले का, ते शेजारी मांड. एकच अभ्यास प्रीप्रिंट म्हणून एकदा आणि छापील लेख म्हणून दुसऱ्यांदा मोजलेला दिसला, तर अख्खा तक्ता माझ्यासमोर बसून हाताने करायचा. आणि एवढं करूनही काही मिळालं नाही, तर ते वाक्य खुशाल लिही. मग मी सही करीन.