परीक्षा कोणाची घ्यावी?



प्रायश्चित्त काळाच्या पहिल्या रविवारी दरवर्षी आपण एकच प्रसंग ऐकतो, प्रभू येशूची अरण्यातील परीक्षा. या वर्षी ते शुभवर्तमान वाचताना आमच्या मनात दुसरीच एक परीक्षा घोळत होती. ती अरण्यातली नव्हती, नवी मुंबईतल्या एका बांधकामावरची होती.

कुरुंद्याचा एक तरुण तेथे इलेक्ट्रिशियन म्हणून कामाला आहे. नाताळाला घरी आला तेव्हा मिस्सानंतर भेटायला आला आणि तासभर बोलत बसला. तो काम करतो तेथे नवे डेटा सेंटर उभे राहत आहे. आपण मोबाईलवर फोटो पाठवतो, बँकेतून पैसे काढतो, सातबारा काढतो. या सगळ्याच्या नोंदी कोठेतरी यंत्रांत साठवलेल्या असतात. ती यंत्रे, म्हणजे सर्व्हर, कपाटांत ओळीने लावून जेथे रात्रंदिवस चालू ठेवतात ती इमारत म्हणजे डेटा सेंटर. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. म्हणून ऐरोली, महापे, पनवेल या बाजूला अशा इमारती वाढल्या. पनवेलला जुलै २०२० मध्ये सुरू झालेल्या एकाच इमारतीत सर्व्हरच्या ७,२०० कपाटांची सोय आहे.

"काम कुठवर आले?" आम्ही विचारले. आम्हाला वाटले, तो भिंती-छताचे सांगेल. तो म्हणाला, "फादर, भिंती कधीच झाल्या. वायरिंग झाले, एसी बसले, जनरेटर आले. पण अजून एकही सर्व्हर आत आलेला नाही. आता आम्ही लाईट घालवतोय."

लाईट घालवतोय! हळदीला पाणी द्यायला ज्यांनी लाईटची वाट पाहत रात्री काढल्या आहेत, त्यांना हे ऐकून हसू येईल. आम्हालाही आले. पण त्याने नीट समजावून सांगितले. सर्व्हर येण्याआधी त्या रिकाम्या हॉलमध्ये मोठमोठे हीटर आणून ठेवतात. सर्व्हर जेवढी वीज खातील आणि जेवढी उष्णता सोडतील तेवढीच हे हीटर खातात आणि सोडतात. हॉल तापतो, एसी पूर्ण जोराने चालतात. मग एक माणूस मुद्दाम मेन स्विच बंद करतो. बॅटऱ्यांनी भार त्याच क्षणी उचलला पाहिजे. काही सेकंदांत डिझेल जनरेटर सुरू होऊन त्यांनी तो बॅटऱ्यांकडून घेतला पाहिजे. तेवढ्यावर थांबत नाहीत. चालू जनरेटरपैकी एक बंद करतात. एक एसी बंद पाडतात. जे जे बिघडू शकते ते ते स्वतःच्या हाताने बिघडवून बघतात. पहिल्या वेळी जनरेटर सुरू झाला, पण भार त्याच्याकडे वळवणारा स्विच काही फिरला नाही. आमच्या तरुणाला वाटले, आता शिव्या बसणार. साहेब उलट खूश झाले. म्हणाले, बरे झाले, आज कळले.

एवढी काळजी उगाच नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हा लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात सरकारी डेटा सेंटरला बॅटऱ्या हलवताना आग लागली आणि शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी नोकरांच्या कामाच्या फायलींचा एक मोठा साठा जळून गेला. त्याची दुसरी प्रत नव्हती.

तो तरुण गेला, पण त्याच्या साहेबांचे वाक्य आमच्याजवळ राहिले. बरे झाले, आज कळले. मग माणसांच्या बाबतीतही असेच का करू नये? ज्याच्यावर भरवसा ठेवायचा त्याला आधी अजमावून का बघू नये? आणि तसे असेल, तर प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोज नेमके उलटे का मागतो? शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक भाषेत 'मोह' आणि 'परीक्षा' यांना एकच शब्द आहे. म्हणजे इंजिनिअर परीक्षा मागून घेतो आणि ख्रिस्ती माणूस ती टळो म्हणून गुडघे टेकतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा प्रश्न आम्हाला कोणी घातला असता तर आम्ही झटकन उत्तर दिले असते. आता तसे जमत नाही.

कारण माणसे अजमावण्याचा उद्योग आपल्या घराघरांत चालतो. दुकानात नवा पोऱ्या ठेवला की झाडायच्या जागी शंभराची नोट टाकून ठेवायची. नवी सून आली की कपाट उघडे ठेवून बाजूच्या खोलीत बसायचे. बायकोला अनोळखी नंबरवरून फोन करून बघायचे. असे करणारे लोक दुष्ट असतात असे नाही. त्यांना वाटते, आपण सावध आहोत. नोट जागेवर राहिली तर मुलगा चांगला, उचलली तर चोर. पण पंधरा वर्षांच्या, सकाळपासून उपाशी असलेल्या मुलाने ती उचलली, तर तो चोर होता असे कळले, की त्या सकाळी आपण एक चोर घडवला? संत थॉमस अक्वायनस यांनी परीक्षा घेणाऱ्याचा हेतू पाहायला सांगितले आहे. माणूस कधी केवळ जाणून घेण्यासाठी परीक्षा घेतो, कधी भल्यासाठी, कधी बुऱ्यासाठी. सैतान मात्र पाडण्यासाठीच घेतो. आमची अडचण अशी, की नोट टाकणाऱ्यालाही आपण केवळ जाणून घेत आहोत असेच वाटत असते.

कोणी म्हणेल, शाळेत परीक्षा असतात, बँकेत तपासणी असते, त्यांत काय वाईट? काहीच नाही. त्या उघड असतात. पण गुपचूप घेतलेली प्रत्येक परीक्षा वाईटच असते, असेही म्हणता येत नाही. याचे उदाहरण आपल्या जिल्ह्याशी जोडलेले आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांतून लेसर सोडून आकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडायच्या, असे ते काम आहे. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आधीपासून आहेत. तेथे सप्टेंबर २०१० मध्ये एक सुंदर संकेत सापडला. शास्त्रज्ञांनी कित्येक महिने त्यावर काम केले, लेख लिहून तयार केला. मग मार्च २०११ मध्ये सर्वांसमोर बंद पाकीट उघडले गेले. तो संकेत खोटा होता. त्यांच्यातल्याच मोजक्या लोकांनी सगळ्यांना अजमावण्यासाठी तो आत घातला होता. पण कोणी कोणावर रागावले नाही. अशी गुप्त परीक्षा केव्हाही होऊ शकते याला त्या सगळ्यांनी आधीच होकार दिला होता. १४ सप्टेंबर २०१५ ला खरी लहर आली, तेव्हा त्यांनी सर्वप्रथम हेच विचारून घेतले, हा पुन्हा आपल्यापैकीच कोणी घातलेला संकेत तर नाही ना?

म्हणजे आधी होकार हवा. पण आम्हाला आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती त्या रिकाम्या हॉलमध्ये आहे. मेन स्विच बंद करतात तेव्हा आत कोणाचीही नोंद, कोणाचाही पैसा, कोणाच्याही आईचा फोटो नसतो. परीक्षा फसली तर एक स्विच बदलायचा, एवढेच नुकसान. सर्व्हर आत आल्यावर कोणी सहज गंमत म्हणून लाईट घालवत नाही. माणसाचा हॉल मात्र कधीच रिकामा नसतो. दुकानातला तो मुलगा नोकरीला लागतो तेव्हा त्याच्या आत त्याची आई असते, गावातले नाव असते, पुढची चाळीस वर्षे असतात. त्याची लाईट घालवून बघणारा ते सगळे पणाला लावतो, आणि ते त्याचे नसतेच. स्वतःचे नसलेले पणाला लावणे, हे सावधपण कसे म्हणायचे?

न मागता आलेल्या परीक्षा वेगळ्या. जुलै २०२२ मध्ये पावसाने कुरुंद्यात घराघरांत पाणी शिरले, तेव्हा कोणी कोणाला घरात घेतले आणि कोणी दार लावून घेतले, हे गावाला ठाऊक आहे. ती परीक्षा कोणी मुद्दाम लावली नव्हती.

आता जे सांगायचे टाळत होतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, आम्हीही हे केले आहे. मिस्साच्या दानाची पिशवी वेदीची सेवा करणारे एक वयस्क गृहस्थ रविवारी घरी नेत आणि सोमवारी मोजून आणून देत. कोणीतरी आमच्या कानाला लागले. एका रविवारी आम्ही पिशवी आधी गुपचूप मोजली आणि मग त्यांच्या हाती दिली. सोमवारी रक्कम पैशाला पैसा जुळली. आम्हाला हायसे वाटले, आणि प्रकरण मिटले असे आम्ही धरून चाललो.

पुढच्या रविवारी त्यांनी पिशवी घेतली नाही. म्हणाले, "फादर, नोटांची घडी बदललेली होती. तुम्ही मोजले होते ना?" आम्ही हो म्हणालो. ते एवढेच म्हणाले, "विचारले असते तर तुमच्यासमोरच मोजले असते." सेवा त्यांनी सोडली नाही, पण पिशवीला पुन्हा हात लावला नाही. आम्ही क्षमा मागितली, त्यांनी केलीही. त्या रकमेचा आकडा आम्हाला आजही पाठ आहे.

तेव्हापासून दान आम्ही एकट्याने मोजत नाही आणि कोणा एकट्याला मोजू देत नाही. आपल्या चर्चच्या हिशेबाची वही, दानपेटीची किल्ली आणि बँकेचे पुस्तक या रविवारपासून वेदीमागच्या खोलीत टेबलावर असेल. तुमच्यापैकी कोणीही दोघांनी, कोणत्याही रविवारी, आम्हाला आधी न सांगता येऊन ते तपासावे. आमचा होकार आम्ही येथेच लिहून देत आहोत.

तुमचा,
धर्मगुरू