परत आलेले दगड

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात ‘पेट्रिफाइड फॉरेस्ट’ नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९०६ साली या भूभागाला शासकीय संरक्षण मिळाले, १९६२ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा. नावात अरण्य असले, तरी तेथे दिसतात ते उजाड माळावर आडवे पडलेले ओंडके, आणि ते दगडाचे आहेत.

सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वी नद्यांच्या पुरात वाहून आलेले हे वृक्ष गाळाखाली गाडले गेले. हवा न मिळाल्याने त्यांचे कुजणे मंदावले. गाळात ज्वालामुखीची राख होती. तिच्यातील सिलिका भूजलात विरघळली, लाकडाच्या रंध्रारंध्रांत झिरपली आणि कणाकणाने तिची गारगोटी झाली. लोहाने तिला तांबडे-पिवळे रंग दिले. लाकडाचे द्रव्य जवळजवळ सारे गेले. वृक्षाचा आकार मात्र राहिला.

असा रंगीत तुकडा खिशात घालण्याचा मोह अनेकांना होतो. (खासगी जमिनीतून काढलेले असेच तुकडे उद्यानाबाहेर रीतसर विकत मिळतात, हे विशेष!) पुढे कित्येकजण तो तुकडा टपालाने परत पाठवतात, सोबत क्षमायाचनेचे पत्र. काहींना मनाची टोचणी असते. पुष्कळांना मात्र दगड घरी आणल्यापासून आजारपण, अपघात, घटस्फोट अशी संकटे मागे लागल्याची भीती असते. धर्मशास्त्र भीतीपोटी आलेल्या पश्चात्तापाला अपूर्ण म्हणते, परंतु तो त्याज्य मानीत नाही. तेव्हा त्या पत्रांना हसण्याचे कारण नाही.

खरी अडचण पुढेच आहे. परत आलेला दगड पुन्हा माळावर ठेवता येत नाही. तो नेमका कोणत्या थरावर, कोणत्या ओंडक्याजवळ होता, हे कोणी सांगू शकत नाही; अंदाजाने ठेवला तर अभ्यासकांची दिशाभूल होईल. म्हणून उद्यानातील एका खासगी वापराच्या रस्त्यालगत अशा दगडांचा ढीग रचला आहे. त्याला तेथे ‘सदसद्विवेकाचा ढीग’ म्हणतात.

हे वाचले आणि मी अस्वस्थ झालो. ‘घेतलेले परत करा,’ असे पापनिवेदनाला आलेल्यांना मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी परतफेड हा न्यायाचाच भाग मानला, आणि जेथे तंतोतंत भरपाई अशक्य, तेथे शक्य तेवढी करावी असे म्हटले. ‘शक्य तेवढी’ या दोन शब्दांवरून मी फार घाईने पुढे जात असे. वस्तू परत येते. तिची जागा परत येत नाही. मग परतफेड झाली की नाही?

सेमिनरीत असताना ग्रंथालयातील एका पुस्तकातून मी एक चित्र कापून घेतले होते. दहा वर्षांनी ते घेऊन गेलो, तेव्हा पुस्तक जीर्ण म्हणून केव्हाच काढून टाकले होते. वृद्ध ग्रंथपालांनी चष्मा लावून चित्र न्याहाळले, काही न बोलता टेबलाचा खण उघडला आणि ते आत ठेवले. खणात तशी आणखी काही पाने होती.