कुरणाचा जुना सातबारा

राष्ट्रीय उद्यान म्हणजे माणसाचा हात न लागलेलं रान, असं धरूनच आपण जीपमध्ये बसतो. आसामातल्या काझीरंगात गवत राखण्याचं मोठं काम खरोखरच नदी करते. ब्रह्मपुत्रेचा पूर दरसाल गाळ टाकतो, झाडोऱ्याला आवर घालतो आणि त्या उंच गवतावर गेंडे नि रानरेडे पोसले जातात. (२०१९ आणि २०२१ साली पंचगंगा घरात शिरलेल्या कोल्हापूरकरांना पुराचा हा उपकार पटायला जड जाईल.) वारणेच्या खोऱ्यातल्या चांदोलीत मात्र गव्यांचे कळप चरतात ती कितीतरी कुरणं म्हणजे उठवलेल्या गावांची शेतं आहेत. वारणेवर धरण झालं, वसंतसागर जलाशयाखाली नदीकाठ गेला. १९८५ मध्ये उरलेलं खोरं अभयारण्य झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. प्राण्यांचं संरक्षण एकेक पायरी चढत गेलं. माणसं मात्र धरणग्रस्त, मग अभयारण्यग्रस्त झाली आणि जमिनीसाठी, निर्वाह भत्त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करत राहिली. व्याघ्र क्षेत्रातून गाव हलवायचं तर ग्रामसभेची संमती हवी, हा दंडक वन्यजीव कायद्याच्या २००६ च्या दुरुस्तीने आला. तोवर राष्ट्रीय उद्यान होऊन दोन वर्षं उलटली होती.

गावं राहिली असती तर हे रान एवढं सावरलं नसतं, असं यावर कोणी म्हणेल. ते मला मान्य आहे. गवा आणि शेती एका शिवारात सुखाने नांदत नाहीत, हे राधानगरीच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. पण त्याग आवश्यक होता म्हणून त्याचा हिशेब मिटत नाही. उलट तो जितका आवश्यक, तितकं फायदा घेणाऱ्यांचं देणं मोठं. हे रान वारणेचं पाणलोट राखतं आणि त्या पाण्यावर खालच्या अंगाला आपला ऊस उभा राहतो. म्हणजे चांदोलीला कधीच न गेलेला बागायतदारही या व्यवहारात आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी: पुनर्वसन हे सरकारचं काम, तिकीट काढून आलेल्याने त्यात काय करायचं? प्रलंबित जमीन त्याच्या हातात नाही, हे खरंच. मागणी मात्र त्याच्या हातात आहे. वनखातं आणि पर्यटन व्यावसायिक पर्यटक काय मागतो ते बघतात. तो गवा आणि बिबट्याच मागत राहिला तर त्याला तेवढंच दाखवलं जाईल. त्याने प्रवेशद्वारावर उठलेल्या गावांची नावं मागावीत, वाटाड्या त्या गावांतल्या कुटुंबांतला मागावा, ग्रामदेवतेच्या यात्रेला जुन्या गावकऱ्यांना वाट मिळते का हे विचारावं. तिकिटातला ठरावीक वाटा पुनर्वसित वसाहतींना जावा, असंही म्हणावं. चार पैसे जास्त पडतील, आणि गवताआड एखादं पडकं जोतं दिसलं की सहलीची मजा थोडी उणावेलही. ती उणावू नये म्हणून गावांची नावं फलकावर नकोत, हा युक्तिवाद मात्र निदान त्या गावांच्या पाण्यावर पिकलेल्या जिल्ह्यांतून तरी येऊ नये.