न कापणारी सुरी

दोन्ही बाजूंना धार, काळी मूठ, टोकदार पातं. आणि नियम असा, की हिने काहीही कापायचं नाही.

विक्का धर्मातल्या या सुरीला 'अथामे' म्हणतात. (उच्चारावर त्यांच्यातच एकमत नाही. अथामे, आथमी, अथेम, काहीही कानावर पडतं.) पूजेला सुरुवात करण्याआधी एक वर्तुळ आखावं लागतं, जुन्या पद्धतीत नऊ फूट व्यासाचं. ते हिचं टोक हवेत रोखून, गोल चालत आखायचं. पुढे वाइनच्या पेल्यात हिचं टोक बुडवायचं. बस, एवढंच. पाला छाटायला, मेणबत्तीवर खुणा कोरायला, दोरा तोडायला पांढऱ्या मुठीची दुसरी सुरी असते. एक सुरी राबते आणि दुसरी नुसती रोखली जाते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. घरी गणपती बसतो तेव्हा आरतीला उभा राहतो, त्यापलीकडे माझी धार्मिकता जात नाही. मंत्रतंत्रावर विश्वास तर अजिबात नाही. तरी या सुरीने माझं डोकं बरेच महिने खाल्लं. कंपनीने मला एका क्लायंटकडे लीड्सला पाठवलं होतं, त्या वर्षी आमच्या टीममधली चाळिशीतली एक टेस्टर अशी सुरी निवडत होती. जेवणाच्या सुट्टीत ती मोबाइलवर फोटो दाखवायची आणि आम्ही भांडायचो. ती भांडणं सुरीच्या किमतीवरून कधीच झाली नाहीत.

आधी विक्काबद्दल थोडं. 'चेटकिणींचा धर्म' असं म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात, आणि त्यात चूक काही नाही. डाकीण ठरवून बायकांना मारून टाकल्याच्या बातम्या आपल्या देशात अजून येतात. तिथे तो शब्द दुसऱ्यांनी चिकटवलेला असतो, ब्रिटनमधल्या विक्कन लोकांनी तो आपणहून घेतलाय. एक देवी, एक शिंगं असलेला देव, चंद्राच्या कला, वर्षाचे आठ सण. सैतानाशी यांचं काही देणंघेणं नाही. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार लोकांनी आपला धर्म विक्का असा लिहिला. त्यांचा नीतिनियम थोडक्यात असा: कुणाला इजा होत नसेल तर तुला हवं ते कर.

इजा करू नका सांगणारा धर्म, आणि त्याच्या पूजेतलं सगळ्यात जवळचं साधन खंजिराच्या आकाराचं. हे कुठून आलं?

बरंचसं जेराल्ड गार्डनर या माणसाकडून. जन्म १८८४, मृत्यू १९६४. सिलोनमध्ये चहाचे मळे, बोर्निओत रबराचे, मग मलायात सरकारी नोकरी. तिकडे त्याला मलायी लोकांच्या नागमोडी पात्याच्या क्रीसचं वेड लागलं. ते इतकं, की १९३६ साली त्याने क्रीस आणि इतर मलायी शस्त्रांवर पुस्तकच काढलं. निवृत्त होऊन तो इंग्लंडला परतला. तिथला जादूटोण्याविरुद्धचा १७३५चा कायदा १९५१मध्ये रद्द झाला आणि १९५४मध्ये याचं 'विचक्राफ्ट टुडे' आलं. त्यात दावा असा, की एक पुरातन धर्म लपूनछपून टिकला होता आणि तो आपल्याला सापडला. रोनाल्ड हटन या इतिहासकाराने १९९९च्या पुस्तकात हा दावा उलगडून ठेवलाय. विक्का हा विसाव्या शतकात घडलेला धर्म आहे, आणि त्याचे सुटे भाग कुठून कुठून आणलेले आहेत. काळ्या मुठीची सुरी 'की ऑफ सॉलोमन' या मंत्रविद्येच्या जुन्या ग्रंथात आहे, आणि त्याचं इंग्रजी भाषांतर १८८९मध्ये छापून आलेलं होतं. म्हणजे ज्याला आम्ही ओपन सोर्स लायब्ररीतून कोड उचलणं म्हणतो, साधारण तसंच.

त्यामुळे हा धर्म खोटा ठरतो का? मला नाही वाटत. पूर्वी सगळेच धर्म कधी ना कधी नवे होते. फरक इतकाच, की याच्या पहिल्या दिवसांचे कागद अजून शाबूत आहेत.

सुरी निवडायचे नियम मात्र वाचण्यासारखे आहेत. पातं लोखंडाचं की तांब्याचं, की लाकडाचंही चालेल, यावर वाद. ती अग्नीचं प्रतीक की वायूचं, यावर वाद. धार ठेवावी की मुद्दाम बोथट करावी, यावरही वाद. पण एक नियम बहुतेक जुन्या मंडळींच्या तोंडी असतो: किमतीवर घासाघीस करायची नाही. दुकानदार सांगेल तेवढे पैसे द्यायचे, नाहीतर न घेता निघायचं. कोथिंबिरीच्या जुडीवरसुद्धा दोन रुपये सोडवून घेणाऱ्या घरात मी वाढलोय, मला हा नियम फार आवडला. जावामध्ये क्रीसच्या बाबतीत असंच काहीसं आहे. तिथे क्रीस 'विकत घेतला' म्हणायचं टाळतात, दिलेल्या पैशांना 'मास कावीन' म्हणतात. लग्नात नवरीला देतात तो मेहेर. वस्तूची किंमत झाली की ती दुसऱ्या वस्तूशी बदलता येते. मेहेर दिला की नातं होतं.

याच्या अगदी उलट सल्ला आजकालच्या पुस्तकांत मिळतो: हातात घेऊन बघा, जी आपली वाटेल ती आपली, खरी ताकद तुमच्या मनातल्या भावनेत आहे. गटात दीक्षा घेणाऱ्यांना निदान कुणीतरी वडीलधारं विचारणारं असतं. एकट्याने विक्का पाळणाऱ्यांसाठी स्कॉट कनिंगहॅमचं गाजलेलं पुस्तक १९८८मध्ये आलं, आणि तेव्हापासून निवडणारा, मंतरणारा आणि साक्षीदार असं सगळं एकच माणूस असू शकतं. ज्याने कोड लिहिला त्यानेच तो रिव्ह्यू करून मंजूर करायचा.

इथे माझं आणि तिचं पहिलं भांडण झालं. माझं म्हणणं, भावना फार स्वस्त असते. सकाळी असते, संध्याकाळी नसते. सुरी पवित्र होते ती 'हिने मी काही कापणार नाही' या वचनाने. कारण ते वचन मोडता येतं. रात्री अकराला पार्सलवरची चिकटपट्टी निघत नसते, पांढऱ्या मुठीची सुरी वरच्या मजल्यावर असते आणि ही हाताशी असते. तेव्हा उठून वर जाणं, एवढंच ते पावित्र्य. पात्यात वेगळं काही नसतं.

आपल्याकडे खंडेनवमीला विळ्या-कोयते-पाने धुऊनपुसून पाटावर मांडतात, त्यांना हळदकुंकू लावतात. आमच्या पुण्याच्या ऑफिसात लॅपटॉपवर झेंडूचं फूल ठेवतात. अनेक घरांत त्या दिवशी विळी चालवत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून विळी पुन्हा कांद्यावर. आपण राबणाऱ्या हत्याराला एक दिवस सुट्टी देतो, ते लोक एका हत्याराला कायमचं निवृत्त करून मग त्याच्याकडून काम घेतात. विक्कनांमध्येही रोजच्या स्वयंपाकाची सुरीच पूजेला वापरणारे आहेत. त्यांचं म्हणणं, जी पाव कापते तिच्यातच जीव असतो. मला हे खंडेनवमीच्या जास्त जवळचं वाटतं आणि, खरं सांगायचं तर, जास्त प्रामाणिकही. पण तिला ते पटायचं नाही.

आता मूळ गोष्ट. तिच्याकडे तीन पर्याय होते. ऑनलाइन दिसलेली एक नवी, मुठीवर चंद्र कोरलेली. शनिवारच्या बाजारातली एक जुनी, पत्रं फोडायची बोथट सुरी. आणि तिसरा, आजोबांचा खंजीर.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात कमांडो होते. खंजीर फेअरबेर्न-साइक्स जातीचा. शांघायच्या पोलिसांत काम केलेल्या दोन इंग्रजांनी तो बेतला आणि विल्किन्सन सोर्ड कंपनीने १९४१च्या सुमारास तो घडवायला घेतला. सडपातळ, सरळ, दोन्ही बाजूंना धार, मूठ काळी. अथामेचं वर्णन घेऊन कारागिराकडे गेलात तर तो नेमकं हेच करून देईल. फक्त हा खंजीर पहारेकऱ्याला आवाज न होऊ देता मारण्यासाठी बनवला होता. त्याचा दुसरा काही उपयोगच नाही. आजोबांनी तो वापरला का? कुणालाच माहीत नाही. ते युद्धाबद्दल कधी बोलले नाहीत, आणि ते जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

रक्त लागलेली सुरी चालत नाही असं अनेक विक्कन मानतात. काही म्हणतात, शुद्ध करून घ्या. मीठ, पाणी, धूप, ज्योत, हवं तर काही दिवस मातीत पुरून ठेवा.

इंजिनिअर म्हणून उत्तर सोपं होतं. पोलाद काही लक्षात ठेवत नाही. म्हणजे ठेवतं, वाकवलेलं, तापवलेलं त्याच्या आत ताण म्हणून राहतं, पण कुणाला भोसकलं ते राहत नाही. मात्र पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने लोकांना विचारलं होतं, हिटलरचा स्वेटर धुऊन दिला तर घालाल का? बरेच जण नाही म्हणाले. तुम्ही घालाल? मी स्वतःला विचारलं. नाही घालणार. त्यामागे काही तर्क नाही, तरी नाही घालणार.

आणि उलटंही होतं. २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. १६५९मध्ये प्रतापगडाखाली वापरली ती हीच, याची खात्री देता येत नाही असं त्या म्युझियमचंच म्हणणं आहे. तरी लोक बघायला गेले. मीही गेलो असतो. तिथे रक्ताच्या कथेने शस्त्र बाटलं नाही, पूज्य झालं. कारण त्या रक्ताची गोष्ट आपल्याला पाठ आहे. कोण होता, का आला होता, काय ठरलं होतं. तिच्या आजोबांच्या खंजिराला अशी गोष्टच नव्हती. होती ती फक्त शक्यता. कुठल्यातरी फ्रेंच किंवा नॉर्वेजियन किनाऱ्यावर, कुणीतरी, बहुधा वीस-बावीस वर्षांचा.

नाझींविरुद्धचं युद्ध होतं, मग त्यात वाईट काय, असं आमचा टीम लीड मध्येच म्हणाला. वाईट काही नाही. पण न्याय्य असणं वेगळं आणि स्वच्छ असणं वेगळं. धर्मयुद्ध जिंकूनही युधिष्ठिराला अश्वमेध करावा लागलाच की.

मला खटकत होती ती शुद्धी. समजा, त्या खंजिराने खरंच कुणी मेला. तो माणूस तिचा कुणी नव्हता. त्याच्या वतीने 'झालं गेलं' म्हणायचा अधिकार मिठाच्या पाण्याला कुठून आला? सुरी पवित्र करणं हे पुढचं वचन आहे, ते देण्याचा तिला पूर्ण हक्क. मागचं पुसणं तिच्या हातात नाही. आणि मंतरण्याच्या एकाच विधीत या दोन्ही गोष्टी गुपचूप एकत्र बांधल्या जातात. तारीख बदलून जुनं लॉग उडवावं, तशा.

हे मी तिला जेवणाच्या टेबलावर जरा जोरातच सुनावलं. ती शांतपणे म्हणाली, "मी कुणाला माफ करत नाहीये. मी आजोबांना घरात परत घेतेय. पन्नास वर्षं ते याच्याबद्दल बोलू शकले नाहीत. निदान हा खंजीर हातात धरून कुणीतरी 'इजा करणार नाही' म्हणावं, एवढंच."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही पुरतं नाही. ज्या सुरीने कधी काही केलंच नाही, तिने न कापण्याचं वचन देणं सोपं आहे. मारण्यासाठीच बनलेल्या सुरीने ते देणं जड आहे. वचनाचं मोल ते मोडण्याच्या शक्यतेवर ठरतं, असं म्हणणारा मीच होतो. त्या हिशोबाने खंजीरच योग्य ठरत होता. माझाच तर्क तिच्या बाजूने उभा राहिला होता.

तरी मी एक गोष्ट धरून बसलो: मग शुद्ध करू नकोस. आहे तसा वापर. मीठ नाही, धूप नाही, पुरणं नाही. त्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. म्हणाली, तसा तो हातात घेऊन वर्तुळ आखायला हात उचलणार नाही.

तीन आठवड्यांनी तिने बाजारातली बोथट सुरी घेतली. विक्रेत्याने बारा पौंड सांगितले आणि तिचा चेहरा बघून स्वतःच दहावर आला. तिने बाराच दिले. आता नियमाप्रमाणे हे बरोबर की चूक, यावर आम्ही आणखी एक जेवणाची सुट्टी घालवली. सांगितलेली किंमत कुठली धरायची, पहिली की शेवटची?

खंजीर तिने विकला नाही. संग्राहक अशा खंजिरांना शेकडो पौंड मोजतात, आणि तिच्या बॉयलरचं काम तेव्हा निघालं होतं. तो खणात आहे, आजोबांच्या पदकांशेजारी. गंज चढू नये म्हणून अधूनमधून ती त्याच्यावर तेलाचा हात फिरवते. मीठ अजून लावलेलं नाही.